एका तासाचं वैधव्य



कालच्या वक्त्यांनी याच मंडपात तुम्हाला अर्थसंकल्प समजावून सांगितला. माझ्याकडे सांगण्यासारखे आकडे थोडे आहेत. एक गोष्ट आहे, आणि तीही इतकी लहान की मोठ्यानं वाचली तर सात-आठ मिनिटांत संपते. केट शोपॅन या अमेरिकी लेखिकेनं ती एप्रिल १८९४ मध्ये लिहिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘व्होग’मध्ये ती छापून आली. आज ती ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ या नावानं ओळखली जाते.

मिसेस मॅलर्ड या बाईंना हृदयविकार आहे. रेल्वेच्या अपघातात त्यांचे यजमान गेल्याची तार येते. बहीण ही बातमी जपून, अडखळत, तुकड्यातुकड्यांनी सांगते. बाई तिच्या कुशीत शिरून मोठ्यानं रडतात आणि मग एकट्याच वर आपल्या खोलीत जातात. तिथं उघड्या खिडकीसमोर आरामखुर्ची आहे. बाहेर झाडांना पालवी फुटली आहे, नुकताच पाऊस पडून गेलाय, रस्त्यावर फेरीवाला ओरडतोय, चिमण्यांचा किलबिलाट चाललाय. आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या बाईंच्या ओठांवर एक शब्द येतो. मराठीत तो ‘मोकळी’ असा होईल.

नवरा वाईट नव्हता, हे लेखिका मुद्दाम सांगते. त्याचे हात मायेचे होते. बाईंचं त्याच्यावर प्रेम होतं, कधी कधी; बरेचदा नव्हतंही. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. शोपॅनचं धाडस मला इथं दिसतं. दुष्ट नवऱ्यापासून सुटणारी बायको कोणालाही पटते. चांगल्या नवऱ्यापासून सुटल्याचा आनंद व्हावा, हे मात्र वाचणाऱ्याच्या घशाखाली सहज उतरत नाही. माझ्याही उतरलं नव्हतं. विशीत वाचली तेव्हा ही बाई मला कृतघ्न वाटली होती.

आणखी एक बारकावा पाहा. इथपर्यंत गोष्टीत ती फक्त मिसेस मॅलर्ड आहे. तिचं स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकू येतं ते बहीण दाराबाहेरून हाक मारते तेव्हा: लुईझ. नवरा गेल्यावर नाव परत मिळतं. आपल्याकडे हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली, कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. या दोघींची नावं पुढं इतिहासात गेली, पण ती सासरची. (आणि कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधल्या आपल्या नायिकेचं नाव नेमकं यमूच ठेवलं. योगायोग असेल, पण मला तो गमतीचा वाटत आलाय.)

आता त्या ‘मोकळी’ शब्दाकडे वळते, कारण इथं मराठी वाचक अडखळतो. माझी आजी म्हणायची, हात मोकळे ठेवू नयेत, गळा मोकळा ठेवू नये. बांगड्या वाढवल्या की दुसऱ्या चढेपर्यंत मनगटाला निदान दोरा तरी बांधायची. मोकळे हात, मोकळा गळा, मोकळं कपाळ ही सगळी वैधव्याची लक्षणं. लुईझ जो शब्द देवाचं नाव घ्यावं तसा पुटपुटते, तो आमच्या माजघरात तोंडातून काढायचाच नव्हता. अर्थ पाहिला तर शब्द एकच आहे: बांधलेलं सुटणं. मग एकीला त्यातून आभाळ दिसतं आणि दुसरीच्या अंगावर काटा येतो, हे कशामुळं?

पहिलं कारण साधं आहे: लुईझच्या खोलीला आतून कडी होती. पुण्याच्या वाड्यात नवरा गेलेल्या बाईला एक तास एकटीनं खिडकीशी बसू कोण देणार होतं? भोवती बायका जमायच्या, बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, सुतक सुरू व्हायचं, आणि मग केशवपनाचा प्रश्न. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती, म्हणजे शोपॅनच्या गोष्टीच्या चारच वर्षं आधी. हरिभाऊंची यमू विधवा होते तेव्हा तिला असा तास मिळत नाही. हरिभाऊंची सहानुभूती कमी होती म्हणून नव्हे. तसा तास लिहिला असता, तर तो त्या घरात खोटा वाटला असता.

दुसरं कारण कायद्याचं. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात लग्न झालेली बाई नवऱ्याच्या छत्राखाली जायची, तिचं वेगळं कायदेशीर अस्तित्व जवळजवळ मिटायचं. एकोणिसाव्या शतकात ते कायदे हळूहळू बदलत गेले खरे. शोपॅन लग्नानंतर जिथं राहिली, त्या लुइझियानात कायदा फ्रेंच वळणाचा होता, पण तिथंही बायकोनं करार करायचा तर नवऱ्याची संमती लागे. विधवा झाली की मात्र तीच बाई स्वतःच्या नावानं सही करू शकत असे. शोपॅनला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तिचे वडील १८५५ मध्ये, ती पाच वर्षांची असताना, खरोखरच रेल्वेच्या अपघातात गेले. मिझुरीतल्या नव्या मार्गावरची ती पहिली गाडी होती आणि गॅस्कनेड नदीवरचा पूल तिच्याखाली कोसळला. मग सेंट लुईसच्या त्या घरात आई, आजी, पणजी, तिघीही विधवा, आणि घर त्याच चालवत. पुढं १८८२ मध्ये तिचा स्वतःचा नवरा हिवतापानं गेला. मागं सहा मुलं आणि कर्ज. वर्षभराहून जास्त काळ तिनं त्याचं दुकान आणि शेतमळे सांभाळले, मग माहेरी परतली आणि लिहायला लागली. वैधव्य म्हणजे दुःखही असतं आणि हिशेबाची वहीही, हे तिनं चार पिढ्यांत पाहिलं होतं.

आपल्याकडे वही दिराच्या नाहीतर सासऱ्याच्या हातात जायची. एकत्र कुटुंबातल्या विधवेच्या वाट्याला पोटगी. १८५६ च्या कायद्यानं पुनर्विवाहाला मुभा दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. म्हणजे मोकळी व्हायचं तर रिकामीही व्हायचं.

शेवट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. लुईझ खोलीतून बाहेर येते, बहिणीच्या कमरेत हात घालून जिना उतरते, आणि दार उघडून नवरा आत येतो. तो त्या गाडीत नव्हताच. अपघात झाल्याचंही त्याला माहीत नाही. ती कोसळते. डॉक्टर येतात आणि निदान करतात: अतिआनंदानं हृदय बंद पडलं.

या वाक्यावर जगभरच्या वर्गांत शिक्षक थांबतात आणि मुलांना उपरोध समजावून सांगतात. मला मात्र आमच्या आळीतल्या बायका आठवतात. त्यांनी काय म्हटलं असतं? नवरा समोर उभा, कपाळावर कुंकू, बाई गेली. अहेव मरण. सोनं झालं हो तिचं! डॉक्टरांच्या आणि आळीच्या निदानात फरक फक्त भाषेचा आहे. ती कशानं मेली, हे ठरवायला ती सोडून सगळे हजर आहेत.

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे म्हणून शार्लट पर्किन्स गिल्मनची ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) ही गोष्ट ओझरती सांगते. तिथला नवरा डॉक्टरच आहे, प्रेमळ आहे, आणि बाळंतपणानंतर खचलेल्या बायकोला लिहू न देणं हाच त्याचा उपचार. खुद्द गिल्मननं हा ‘विश्रांती उपचार’ १८८७ मध्ये फिलाडेल्फियात घेतला होता. त्याच शहरातून आदल्याच वर्षी आपल्या आनंदीबाई डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या. एकीच्या हातातून तिथं लेखणी काढून घेतली, दुसरीच्या हाती तिथंच पदवी आली. त्यातून सिद्धांत काढायचा मोह होतो, पण आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसाव्या वाढदिवसाच्या आधीच गेल्या. तेव्हा तो मोह मी आवरते.

डॉक्टर झालेल्या आणखी एकीबद्दल, रखमाबाईंबद्दल, बोलून थांबते. अकराव्या वर्षी लग्न, नवरा दादाजी भिकाजींकडे नांदायला नकार, त्यांनी केलेला १८८४ चा दावा. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं, तो पुढं फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायालयानं सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग त्या विलायतेला गेल्या आणि १८९४ मध्ये, म्हणजे लुईझची गोष्ट लिहिली गेली त्याच वर्षी, डॉक्टर झाल्या. लुईझला जो मोकळेपणा तासभर मिळाला, तो यांनी नवरा हयात असताना, भर कोर्टात लढून मिळवला होता.

१९०४ मध्ये दादाजी वारले. चरित्रकार लिहितात की ती बातमी कळल्यावर डॉक्टर रखमाबाई पांढरं लुगडं नेसायला लागल्या.