देशमुख, पण कुठले?



आर्वी, आष्टी, पुलगाव या आपल्या पट्ट्यात सोयरीक जुळवायला चार मंडळी बसली आणि एकाने ‘आम्ही देशमुख’ म्हटले, की चहा येण्याआधीच विचारणा होते, ‘कोण्या गावचे?’ गाव सांगितले की लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘अन् मूळ आडनाव काय जी तुमचं?’ वानखेड्यांना किंवा ठाकऱ्यांना हे कोणी विचारत नाही. देशमुखांना विचारतात, आणि ते बरोबरच आहे. देशमुख हे कुळाचे नाव नव्हे. ते हुद्द्याचे नाव आहे, आणि हुद्दा कोणालाही मिळू शकतो.

सुलतानी अमलात गावावर पाटील असे आणि गावाचा हिशेब कुळकर्ण्याकडे. अशा अनेक गावांचा मिळून परगणा, आणि परगण्यावर देशमुख व देशपांडे. आपले पवनार आज धाम नदी आणि विनोबांचा आश्रम यांमुळे ठाऊक आहे. पण अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यांत, पवनारचे नाव होते. सरकारच्या पोटात परगणे आणि परगण्यांच्या पोटात गावे. वसूल गोळा करून वर भरायचा, ओसाड गावे पुन्हा वसवायची, तंट्यात गोतसभेला बसायचे, वेळ पडली तर स्वार-प्यादे घेऊन हजर व्हायचे, ही देशमुखाची कामे. त्याबद्दल वसुलाचा ठरावीक हिस्सा, ज्याला रुसूम म्हणत, शिवाय इनाम जमिनी आणि सणावाराचा मान. सुभेदार येत-जात राहिले, देशमुख मात्र जागचे हलले नाहीत. म्हणूनच शिवाजी महाराजांनी त्यांच्या गढ्या आणि मनमानी वसुलीवर हात घातला, आणि पुढे ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीचा ग्रंथ लिहिणाऱ्यानेही वतनदारांकडे सावध नजरेनेच पाहिले.

वतन वंशपरंपरेचे, पण ते वाटता येई. भाऊ वेगळे झाले की देशमुखीचे तक्षिमेप्रमाणे वाटे पडत. अडचणीत सापडलेला वतनदार हिस्सा विकूनही टाकी. त्यामुळे एकाच परगण्यात रक्ताचा काडीइतका संबंध नसलेली दोन घराणी देशमुख म्हणवून घेऊ शकत होती. आजचे आडनावबंधू एकमेकांना ‘आपण एकच’ म्हणतात तेव्हा मला जरा हसू येते.

आता हुद्द्याचे आडनाव झाले कसे? जुना कागद पाहा. त्यात ‘अमुक बिन तमुक देशमुख, परगणे अमुक’ अशी ओळ असते. नाव, बापाचे नाव, हुद्दा आणि मुलूख. कुळाचे नाव लिहिलेच पाहिजे असे नव्हते. गावकीला ते पाठच असे. पुढे इंग्रजी अमलात शाळा, कोर्ट, खानेसुमारी आली. प्रत्येकाच्या नावापुढे एक कायमचे आडनाव हवे झाले. ओळीतला परगणा गळाला, देशमुख तेवढा उरला.

सगळ्यांनीच तो घेतला असेही नाही. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे. त्यांचे वंशज जेधेच राहिले. उलट लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचे मूळ आडनाव सिद्धये. वऱ्हाडातले डॉ. पंजाबराव देशमुख, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, पुढे देशाचे कृषिमंत्री; त्यांचे मूळ आडनाव कदम. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख जातीने चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, तर समाजसेवक नानाजी देशमुख देशस्थ ब्राह्मण. कुणबी-मराठ्यांत देशमुख आहेत, मुसलमानांतही आहेत. आडनावावरून जात ओळखण्याची आपल्याला फार हौस. देशमुखापाशी ती हटकून फसते.

प्रांत बदलला की देशमुखाचे हेच काम दुसऱ्या नावाने चाले. दक्षिण कोकण आणि कर्नाटकात देसाई, मोगली दफ्तरात चौधरी. तेलंगणात हुद्द्याचे नाव देशमुखच, पण तिथले जमीनदार रेड्डी किंवा वेलमा. त्यांची घराण्याची नावे शाबूत राहिली आणि देशमुख हे पदच राहिले. 1946 नंतर तिथले शेतकरी ज्यांच्याविरुद्ध उठले, ते हेच देशमुख.

हुद्द्याचे आडनाव होण्याचा असाच प्रकार दूर आयर्लंडमध्ये घडलेला आहे. इंग्लंडचा राजपुत्र जॉन 1185 मध्ये तिथे गेला, त्याच्याबरोबर थिओबाल्ड वॉल्टर नावाचा सरदार होता. त्याला आयर्लंडच्या मुख्य बटलरचे वंशपरंपरागत पद मिळाले. बटलर म्हणजे राजाच्या मद्याची व्यवस्था पाहणारा मानकरी. मुलांनी पदाचेच आडनाव केले. बाहेरून येणाऱ्या दारूवर या घराण्याला ठरावीक हिस्सा मिळे. आपल्याकडचे रुसूमच म्हणा. तो हक्क सरकारने 1811 मध्ये पैसे मोजून परत घेतला. तोवर बटलर आयर्लंडभर पसरले होते. कवी विल्यम बटलर येट्स यांच्या नावातला मधला शब्दही या घराण्याशी असलेल्या नात्याचा, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

आपल्या वर्धा नदीकडे परत येऊ. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि त्याच वर्षाअखेरीस नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. नदीच्या दोन्ही काठांवर इंग्रजच आले, पण पद्धती दोन. पलीकडे वऱ्हाडात रयतवारी: सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेऊ लागले, देशमुखाचे काम गेले, हक्कापोटी रोख रक्कम ठरली. अलीकडे भोसल्यांच्या मुलखात कमाविसदार आणि पाटील यांचाच जोर होता. 1862 मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला आणि त्या दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात गावोगाव मालगुजार, म्हणजे सरकारला सारा भरणारे गावमालक, नेमले गेले. मालगुजारी 1951 मध्ये संपली.

मालगुजाराचा वाडा आपल्याकडे कितीतरी गावांत दाखवतात, पण शाळेच्या दाखल्यावर मालगुजार हे आडनाव विरळाच. माझ्या मते त्याचे कारण सरळ आहे. देशमुखीला कित्येक पिढ्या मिळाल्या, आणि आडनावे कागदावर पक्की होत होती तेव्हा ती नावाला आधीच चिकटलेली होती. मालगुजारी नव्वदेक वर्षांत आटोपली. गावे सावकारांच्याही हाती गेली, आणि त्यांना स्वतःची आडनावे होतीच.

ज्या देशमुखांना आपले मूळ शोधायचे आहे, त्यांनी ‘आमचे पूर्वज राजे होते’ या गोष्टीपासून सुरुवात करू नये. आधी घरातल्या लग्नपत्रिका काढा, काहींत कंसात जुने आडनाव असते. मग तहसिलीतली कोतवाल पंजी, बंदोबस्ताची मिसल, आजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहा. त्र्यंबकेश्वराला किंवा काशी-प्रयागला गेलात तर तीर्थोपाध्यायांना तुमच्या गावाची वही काढायला सांगा. तिथे गंगेवर पिंड द्यायला आलेल्या खापरपणजोबांची सही किंवा अंगठा सापडू शकतो. आत्या आणि आजेसासवा हयात असतील तर त्याहीआधी त्यांना विचारा. सोयरिकीत कोणते आडनाव टाळायचे, हे त्यांना पाठ असते. आणि पेटीतला मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत देऊ नका. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत, त्यांच्याकडे न्या.