पेटी घेण्याआधी कोळी मोजायला शिका

(कापूस-ज्वारी पट्ट्यातून कोकणात आलेल्या शेतकऱ्यांसमोर खारेपाटण येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



घाट उतरून तुम्ही इतक्या लांब आलात. खारेपाटण हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मुंबई-गोवा रस्त्यावरच्या पाटीवरच वाचलं असेल. एके काळी हे विजयदुर्गच्या खाडीवरचं नांदतं बंदर होतं. शिलाहारांच्या रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट इथलाच. पण आपण जुनं वैभव ऐकायला जमलेलो नाही. मला सांगितलं गेलं आहे की मधमाशीवर बोला. तर मी मधावर बोलणार नाही, मध सगळ्यांना गोडच लागतो. मी आश्विन-कार्तिकातल्या कामावर बोलणार आहे, कारण वसाहत जगणार की जाणार हे या दोन महिन्यांत ठरतं.

तुम्हाला याच्याशी काय देणंघेणं? सांगतो. आज ना उद्या तुमच्या गावात कोणी तरी येईल आणि म्हणेल, अनुदानावर दहा पेट्या घ्या, घरबसल्या जोडधंदा. २०१७ पासून खादी आयोगाचं हनी मिशन आहे, २०२० पासून केंद्राचं मधमाशीपालनाचं वेगळं मिशन आलं, २०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मांघरचं मी कौतुक करतो, तिथे पिढ्यान्‌पिढ्या माशी सांभाळणारी माणसं आहेत. पण माणूस तयार नसताना पेटी आली तर दुसऱ्या वर्षी त्या पेटीत कोंबडी अंडी घालते. अशा पेट्या मी खूप पाहिल्या आहेत. अनुदान पेटीला मिळतं, माशीला मिळत नाही.

आधी माशी कोणती, ते विचारा. पेटीत राहणाऱ्या दोन. एक आपली सातेरी, झाडाच्या ढोलीत, वारुळात, दगडी भिंतीच्या पोकळीत सापडते ती. दुसरी युरोपातून आलेली मेलिफेरा. ही १९६२ साली नगरोटा बगवां इथे, आजच्या हिमाचलात, आपल्या देशात पहिल्यांदा नीट रुजली. मेलिफेरा मध जास्त देते, पेटी सोडून सहसा जात नाही. सातेरी मध कमी देते आणि मनाविरुद्ध काही झालं की अख्खी वसाहत उठून निघून जाते. एवढंच ऐकलं तर कोणीही मेलिफेराच घेईल. पण हिशेबाचा दुसरा रकाना अजून बाकी आहे. तो कोळ्याचा.

कपाशीवरचा, वांग्यावरचा लाल कोळी तुम्ही ओळखता. त्याच गोतातला हा, पण झाडाचा रस न पिता माशीला चिकटतो. नाव व्हरोआ. तांबूस तपकिरी, चपटा, लांबीपेक्षा रुंदी जास्त, दीड मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पण माशीच्या पोटाखाली पत्र्यांमध्ये घुसून बसतो, म्हणून वरून पाहून पत्ता लागत नाही. पिलाव्याच्या घराला टोपी चढायच्या आधी मादी कोळी आत शिरते. आतल्या कोशावर तिची पिल्लं वाढतात आणि माशी बाहेर पडते तीच कमजोर, कधी पंख चुरगळलेले. ते पंख एका विषाणूमुळे चुरगळतात आणि तो विषाणू पसरवतो हा कोळीच.

मूळ हा सातेरीच्या गोत्राचाच पाहुणा. हजारो वर्षं एकत्र राहिल्यामुळे सातेरीने त्याला जागा दाखवून ठेवली आहे. ती अंगावरचा कोळी पायांनी, जबड्यांनी काढते. तो वाढतो जवळजवळ फक्त नराच्या घरात, आणि नराच्या घरात फार कोळी झाले की कामकरी माश्या ते घर उघडतच नाहीत, आतल्या आत गाडून टाकतात. मेलिफेराला ही विद्या येत नाही. तिच्याकडे तो कामकरी माशीच्या घरातही वाढतो. विसाव्या शतकात दोन माश्या शेजारी आल्या आणि कोळ्याने घर बदललं. पुढे तो युरोप, अमेरिका करत जगभर गेला. ऑस्ट्रेलिया तेवढा उरला होता. तिथे जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ तो सापडला. त्यांनी हजारो पेट्या नष्ट केल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने मान्य केलं की आता समूळ घालवणं शक्य नाही. इतका पैसा, इतकी माणसं असलेल्या देशाची ही गत.

म्हणून सातेरी अमर आहे असं समजू नका. १९९१-९२ मध्ये पिल्लं कुजवणारा थाई सॅकब्रूड विषाणू आला आणि दक्षिणेत सातेरीच्या वसाहतींच्या वसाहती बसल्या. पण कोळ्यापुरतं बोलायचं तर कोरडवाहू माणसाने पहिल्या दोन पेट्या सातेरीच्या घ्याव्यात असं माझं मत आहे. मध कमी मिळेल, पण औषधाचा खर्च डोक्यावर बसणार नाही.

ज्यांना मेलिफेराच घ्यायची आहे त्यांनी हा हिशेब ऐका. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पिलावा बहुधा बारमाही, म्हणजे कोळ्यालाही सुट्टी नाही. महिन्याला दुप्पट असा ढोबळ दर धरा. आज पेटीत ५० कोळी आहेत, तुम्हाला एकही दिसत नाही. पुढच्या महिन्यात १००, मग २००, ४००, ८००, १६००, सहाव्या महिन्यात ३२००. सावकाराचं चक्रवाढ व्याज यापुढे गरीब वाटावं. पावसाळ्यात वसाहत लहान होते, कोळी तेवढेच राहतात, म्हणून हस्त नक्षत्र ओसरलं की दर माशीमागे कोळ्याचं प्रमाण एकदम चढलेलं असतं. शेतकरी तेव्हा काय करतो? पेटी वरून बघतो, माश्या येत-जात आहेत, म्हणजे बरं चाललंय. मग पौषात पेटी रिकामी.

तर पहिलं हत्यार म्हणजे मोजणी. यासाठी काही विकत आणायला नको. अर्ध्या लिटरची रुंद तोंडाची बरणी घ्या, मुरांब्याची चालेल. झाकणाचा मधला पत्रा गोल कापून काढा आणि तिथे लोखंडी जाळी बसवा, भोक अडीच-तीन मिलिमीटरचं, म्हणजे कोळी गळेल पण माशी अडेल. पिलावा असलेल्या चौकटीवरच्या माश्या परातीत झटका. त्याआधी राणी त्या चौकटीवर नाही याची दोनदा खात्री करा. अर्धी वाटी माश्या भरून बरणीत घाला, त्या साधारण ३०० होतात. वरून दोन चमचे पिठीसाखर टाका, मिनिटभर बरणी हलकेच फिरवा, दोन-तीन मिनिटं सावलीत ठेवा. मग बरणी उलटी करून पांढऱ्या ताटात जोराने हलवा. साखरेने कोळ्याचे पाय सुटतात. ताटात थोडं पाणी शिंपडा, साखर विरघळते आणि तांबूस ठिपके उरतात. मोजा, तीनने भागा, शेकडा प्रमाण आलं. माश्या परत पेटीत सोडा, साखर चाटून साफ होतात. शेकडा तीनच्या वर आकडा गेला तर हातपाय हलवायची वेळ आली. शेकडा एक असेल तर औषध घालू नका, महिन्याने पुन्हा मोजा.

पिठीसाखर घरी दळा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. आमच्या कोकणात दमट हवेने तिचे खडे होतात, तुमच्याकडे ती अडचण कमी. सातेरीवर मात्र हा प्रयोग वरचेवर करू नका, ती रागावून जाईल. तिच्यासाठी तळपाटावर जुन्या कॅलेंडरची पांढरी बाजू वर करून ठेवा, तिला खोबरेल चोपडा, वर जाळी, आणि २४ तासांनी काय पडलंय ते बघा.

कपाशीवर आपण काय केलं ते आठवा. बोंडअळी मोजली नाही, शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना आपलेच भाऊ विषबाधेने दगावले. पेटीत तीच पद्धत आणू नका. पेटीतलं औषध मधात आणि मेणात उतरतं, आणि अर्धवट मात्रेने मेला नाही तो कोळी पुढच्या वर्षी त्याच औषधाला जुमानत नाही.

मोजणीनंतर उपाय. मला आवडतो तो राणी कोंडण्याचा. त्याच जाळीचा आगपेटीएवढा पिंजरा करा, राणी त्यात घाला आणि दोन चौकटींच्या मध्ये लटकवा. माश्या जाळीतून तिला भरवतात. २४ दिवस ठेवायचं. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत बाहेर पडतो, म्हणजे तोवर टोपीखाली एकही घर उरत नाही. आपल्या देशात आणखी एक कोळी आहे, ट्रोपिलेलॅप्स. तो मूळचा आग्या माशीचा, बारीक, लांबट, पोळ्यावर तुरुतुरु पळणारा. पिलावा नसेल तर तो दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून राणी कोंडली की त्याचा निकाल आपोआप लागतो. व्हरोआ मात्र माशीच्या अंगावर टिकून राहतो, पण लपायला टोपी नसल्याने ऑक्झॅलिक आम्लाचा एकच हात पुरतो. त्याचं प्रमाण माझ्या तोंडून ऐकून घरी जाऊन ओतू नका. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाच्या किंवा पुण्याच्या मधमाशी संशोधन केंद्राच्या माणसाकडून लिहून घ्या, हातमोजे, चष्मा घाला, मधकोठी काढून ठेवा. फॉर्मिक आम्ल टोपीखालीही पोचतं हे खरं, पण ऑक्टोबरच्या उन्हात त्याची वाफ इतकी उठते की राणीच मरायची.

राणी कधी कोंडायची हे पिकावर ठरवा. इथे आम्ही ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोंडतो. महिनाअखेर सुटली की तिची नवी पोरं डिसेंबरच्या मध्यापर्यंत बाहेर चरायला लागतात आणि काजूचा मोहर सापडतो. तुमची तूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते. तेव्हा राणी कोंडलेली असेल तर हंगाम गेला. तुम्ही हे काम श्रावण-भाद्रपदात उरका, आणि तेवढे दिवस साखरपाणी द्या, संध्याकाळी, पेटीच्या आत, सांडू न देता. सांडलं की शेजारच्या पेट्यांची लूटमार सुरू.

नराच्या घरांचा सापळाही चांगला. एका चौकटीत अर्धाच मेणपत्रा लावा, उरलेल्या जागेत माश्या नराची मोठी घरं बांधतात. कोळी तिकडे धावतो. टोप्या चढल्या की तो तुकडा कापून कोंबड्यांना घाला. विसरलात तर मात्र तुम्ही सापळा लावलेला नाही, कोळ्याचा गोठा बांधलाय.

आता हत्यारं. पेटी बाजारातून आणली तरी चौकटी गावच्या सुताराकडून होतात, आणि सुतार आपल्या अंदाजाने अर्धा सूत इकडे-तिकडे करतो. माशीला ते चालत नाही. चौकट आणि भिंत यांत जास्त जागा सुटली तर ती तिथे पोळं बांधते, कमी सुटली तर डिंकाने चिकटवते, मग चौकट काढताना पोळं फाटतं. म्हणून सागाचा एक ठोकळा नेमक्या मापाचा करून घ्या. दोन चौकटींच्या मध्यापासून मध्यापर्यंत सातेरीला सव्वा इंच, मेलिफेराला त्यापेक्षा दोराभर जास्त, ३५ मिलिमीटर. प्रत्येक चौकट त्या ठोकळ्यावर पारखून घ्या. सुताराला वाईट वाटेल, वाटू द्या.

खरवडणी गाडीच्या मोडक्या पाट्याच्या तुकड्याची करा. लोहाराकडून एक टोक चपटं आणि एक वाकडं करून घ्या, विकतच्यापेक्षा जास्त टिकते. धुराडं तेलाच्या डब्याचं आणि भाता जुन्या रेक्झिनचा. आम्ही त्यात नारळाचं सोडण जाळतो. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पऱ्हाटी ढिगाने आहे. पऱ्हाटी जाळू नका. वर्षभराच्या फवारण्या तिने प्यायल्या आहेत, तोच धूर माशीच्या अंगावर जाईल. खताच्या-औषधाच्या गोणीचा तुकडाही नको. धान्याचं स्वच्छ बारदान किंवा वाळलेली शेणी बरी.

पेटीच्या चार पायांखाली चार करवंट्या आणि त्यांत पाणी, मुंगळे चढत नाहीत. गांधीलमाशी याच दिवसांत दारावर येऊन बसते, दार लाकडी पट्टीने एका बोटाएवढं करा. तळपाट आठ दिवसांनी खरवडा, मेणकिड्याची अंडी कचऱ्यातच असतात. रिकामी पोळी पेटीत ठेवू नका.

शेवटी तुमच्या पिकांबद्दल. ज्वारीला माशीची गरज नाही, ती वाऱ्यावर फळते, पण तिचा पराग माशी सकाळी गोळा करते. कपाशीचं एक पान उलटं करून बघा, मधल्या शिरेवर एक बारीक खळगी असते. तिथे गोड रस पाझरतो, फुलाशिवायसुद्धा. म्हणजे फुलं नसतानाही माशी तुमच्या कपाशीत असते. सूर्यफूल, कारळा, कांद्याचं बी करणाऱ्याला तर माशीचा फायदा थेट दाण्यात दिसतो. पण शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय पेटी बांधावर ठेवू नका. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी त्याने निरोप द्यावा, तुम्ही दार बंद करून ओलं गोणपाट वर टाकावं, आणि त्याने फवारणी शक्यतो सांजेला करावी, असं ठरत नसेल तर पेटी घेऊच नका. दहा पेट्यांचा अर्ज भरण्याआधी हे एक बोलणं करा.

आता बाहेर खळ्यात दोन पेट्या उघडणार आहोत. बरणी, पिठीसाखर आणि ताट तयार आहे, मोजायला तुमच्यातलेच चार जण पुढे या. ज्यांनी अत्तर किंवा वासाचं तेल लावलंय त्यांनी जरा मागे थांबा, आणि काळे कपडे घातलेल्यांनी त्यांच्याही मागे.