२ मे १८०८: माद्रिदच्या रस्त्यावरचा उठाव

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया यांनी १८१४ मध्ये रंगवलेले ‘२ मे १८०८’ हे भव्य तैलचित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजा माद्रिदमध्ये ठाण मांडून होत्या. राजघराण्यातील धाकट्या राजपुत्राला फ्रान्सला नेणार, हे कळताच राजवाड्यासमोर लोक जमले. फ्रेंच सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि शहर पेटून उठले.

सम्राटाच्या रक्षकदलातील मामलुक घोडेस्वारांवर तुटून पडलेले माद्रिदकर या चित्रात दिसतात. त्यांच्या अंगावर गणवेश नाही, हातात सुरे आहेत. मध्यभागी लाल विजार घातलेला एक मामलुक पांढऱ्या घोड्यावरून उलटा लोंबतो आहे. तो गतप्राण झालेला दिसतो, तरी हल्लेखोराचा सुरा थांबलेला नाही. शेजारी दुसरा माणूस घोड्यालाच भोसकतो आहे. गोया यांनी एकालाही नायक केलेले नाही. संताप आणि भीती एकाच चेहऱ्यावर दाखवण्याचे धाडस मात्र केले आहे. युद्धचित्रांत तोवर सेनापतींचाच मान असे, म्हणून हे चित्र फार मोलाचे ठरते.

उठाव त्याच दिवशी चिरडला गेला. पकडलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या; तो प्रसंग ‘३ मे १८०८’ या जोडचित्रात आहे. पुढे स्पॅनिश यादवी युद्धात, १९३८ मध्ये, सुरक्षित स्थळी हलवताना ट्रकला अपघात होऊन दोन्ही चित्रे फाटली. ‘२ मे’चे नुकसान अधिक होते. त्याच्या डाव्या बाजूचे गेलेले भाग २००८ मध्ये, उठावाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, जुन्या छायाचित्रांच्या आधारे पुन्हा रंगवण्यात आले.