शाळेतली दादागिरी थांबवायची, तर उपक्रम कसा निवडायचा?



सोमवार उजाडला की पोरीचं पोट दुखतं. डबा तसाच परत येतो. आपण म्हणतो, नाटकं करते. आमच्या गटातल्या एका आजीच्या नातीचं असंच चाललं होतं. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोर आजीजवळ. वर्गातल्या मुली तिला ‘कोयतेवाली’ म्हणायच्या, डबा खाताना जवळ बसू द्यायच्या नाहीत.

आम्ही शाळेत गेलो. शाळेनं लगेच कार्यक्रम ठेवला. पाहुणे आले, भाषण झालं, मुलांनी शपथ घेतली, फोटो निघाले. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग आम्ही ठरवलं, पुढचा उपक्रम नीट पारखून घ्यायचा. बियाणं घेताना आपण चार जणींना विचारतो, मग इथं का नाही?

आधी एक समजून घेऊ. दोन मुलं भांडली आणि संध्याकाळी एकत्र खेळली, ते भांडण. पण एकाच मुलाला जातीवरून, रंगावरून, गरिबीवरून पुन्हा पुन्हा चिडवणं, मारणं, वाळीत टाकणं, हा छळ. इथं दोघांना समोरासमोर उभं करून “सॉरी म्हण” एवढ्यानं भागत नाही. उलट शाळा सुटल्यावर त्या मुलाला जास्त त्रास होतो.

आता बिहारची गोष्ट ऐका. नालंदा जिल्ह्यातल्या सुमारे 75 माध्यमिक शाळांत 2015-16 साली ‘सेहर’ नावाचा उपक्रम करून पाहिला. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला. काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसानं. तो मोठा डॉक्टर नव्हता, साधाच माणूस. मुलांसाठी पेटी ठेवली, भित्तिपत्रक काढलं, ज्याला बोलायचं त्याच्याशी एकांतात बोलणं झालं. वर्षअखेर मोजलं, तर नेमलेला माणूस होता तिथं छळ कमी झाला, मुलांची उदासीही कमी झाली. शिक्षकांवर सोपवलं होतं तिथं फरक पडला नाही.

याचा अर्थ गुरुजी वाईट, असा नाही. त्यांच्यामागं आधीच ढीगभर कामं. अर्थ एवढाच, की उपक्रम कागदावर किती चांगला आहे यापेक्षा तो रोज कोण चालवणार, हे महत्त्वाचं.

म्हणून शाळेत कुणी उपक्रम घेऊन आलं, तर पाच प्रश्न विचारा.

एक, हा एका दिवसाचा आहे की वर्षभराचा?

दोन, पाहुणे गेल्यावर जबाबदारी कुणाची? त्याला वेळ आणि प्रशिक्षण मिळणार का?

तीन, मधल्या सुट्टीत, संडासापाशी, एसटीच्या थांब्यावर लक्ष कोण ठेवणार? छळ बहुतेक मोठ्यांची नजर नसते तिथंच होतो.

चार, मुलानं सांगितलं तर त्याचं नाव गुप्त राहील का? पेटी कोण उघडणार, कधी उघडणार?

पाच, फरक पडला हे कसं कळणार? सुरुवातीला आणि वर्षाअखेर मुलांना नाव न लिहिता प्रश्न विचारा. नॉर्वे देशात 1983 साली हे काम सुरू झालं, तेव्हाही असंच विचारून मोजलं होतं.

हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. शासनाच्या आदेशानं शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीही हवी. मूल संकटात असेल तर 1098 हा फोन फुकट आहे.

आमच्या शाळेत आता एक ताई दर शुक्रवारी पेटी उघडते. पहिल्या महिन्यात चार चिठ्ठ्या निघाल्या. एक त्या नातीची होती. तिनं लिहिलं होतं, “मला डबा खायला कुणीतरी सोबत पाहिजे.”

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या शाळेतली पेटी शेवटची कधी उघडली होती?