धोटा, उष्टा धागा आणि धम्म

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)





'कामगार आणि धम्म' या विषयावर बोला, असे संयोजकांनी मला सांगितले. मी काही पंडित नाही. उमेदीची वर्षे मिलमध्ये माग चालवण्यात गेली. तेव्हा जे बोलायचे ते मागावरूनच बोलतो.

आजच्या पोरांनी मिलचा माग पाहिलेला नाही, म्हणून आधी थोडे समजावून सांगतो. कापडातला उभा धागा म्हणजे ताणा. तो मोठ्या बीमवर गुंडाळलेला असतो आणि त्यातला एकेक धागा फणीच्या घरांतून ओवून पुढे येतो. आडवा धागा म्हणजे बाणा. तो धोट्यातल्या कांडीवर असतो. धोटा मिनिटाला दीडशेच्या वर फेऱ्या मारतो. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी घालायची, पुन्हा सुरू करायचा. ताण्याचा धागा तुटला की गाठ मारून तो पुन्हा फणीतून ओवायचा. चुकलं की कापडात रेघ पडते, आणि मोबदला कापडावर असल्यामुळे ती रेघ पगारातही पडते. एकेका माणसाकडे असे दोन-दोन, चार-चार माग. आवाज एवढा की शेजारच्याशी हातवारे करून बोलायचे. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली. घामाने अंग चिकट, नाका-तोंडात कापसाची धूळ. कित्येकांचे कान त्यातच गेले.

आता मुख्य गोष्ट. नवी कांडी घातल्यावर तिचा धागा धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावा लागे. जुन्या धोट्यांत ते काम तोंडाने होई. छिद्राला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा, की धागा बाहेर येतो. दिवसातून शेकडो वेळा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला.

ही पद्धत फक्त आपल्याकडेच नव्हती. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत होती, अमेरिकेतही होती. तिथे प्रश्न निघाला तो रोगाचा. एकाचा क्षय दुसऱ्याला लागेल, अशी भीती होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने धागा ओढण्याच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. हाताने धागा ओवता येईल असे धोटे निघालेच होते. म्हणजे धोटा बदला, प्रश्न मिटला.

आपल्या देशात काहून बरं असं झालं नाही? इथे विचारले गेले ते एवढेच, की थुंकी कोणाची? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेत नसत. त्याच्या ओठाचा धागा आमच्या ओठाला लागेल, हे कारण. बरे, या खात्यातली मजुरी सूतकताईपेक्षा चांगली. म्हणजे विटाळाच्या नावाखाली चार पैसे जास्त मिळणाऱ्या कामाचे दार बंद. क्षयाच्या जंतूला जात कळत नव्हती. जात कळत होती ती माणसाला.

यात आणखी एक दुःखाची गोष्ट आहे. आपल्या विदर्भात जाडेभरडे कापड विणणे हा आपल्याच लोकांचा जुना धंदा होता. गिरणीच्या कापडाने हातमाग बसवला. आणि ज्याच्या आज्याचा हात मागावर चालत होता, त्याला गिरणीच्या मागापाशी उभे राहायची बंदी!

१९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मोठा संप केला. मागण्यांची लांब यादी तयार झाली. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले, की अस्पृश्यांना विणाईच्या सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क ही मागणीही त्यात घाला, नाहीतर माझ्या लोकांना मी संपात राहू नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी नाइलाजाने मागणी घेतली. फॉसेट समितीपुढे ती आली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. आणि तेही खरेच होते, बंधूंनो! दार अडवून उभा होता तो बाजूच्या मागावरचा कामगार. म्हणून १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की कामगाराचे शत्रू दोन आहेत, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही. त्या धोट्याकडे पाहिले की दोन्ही एकदम दिसतात.

आता आपल्या नागपूरचे पाहू. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले तो हा दिवस, नावही त्यावरूनच. मिलचे मॅनेजर बेझनजी मेहता यांच्या नावाचे बेझनबाग आजही इंदोऱ्याजवळ आहे. एम्प्रेस आणि मॉडेल या दोन मिलच्या भोंग्यावर या शहराच्या कित्येक वस्त्या उठत आणि झोपत. आपल्या समाजाच्या हातात रोख पगार पहिल्यांदा खेळला तो या मिलमुळे. त्या पगारातून पोरे शाळेत गेली, सभांना वर्गणी गेली. जवळच कामठीला बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांची संघटना उभी केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेणाऱ्या लाखोंमध्ये मिलची माणसे होती. आता दोन्ही मिल बंद आहेत. एम्प्रेसच्या जागेवर मॉल उभा आहे.

मिल गेल्या, पण बाबासाहेबांनी मिळवून दिलेले जाता कामा नये. १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या कारकिर्दीतच १९४६ साली कारखाना कायदा दुरुस्त झाला आणि कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज आपली पोरे हिंगणा, बुटीबोरीला जातात. कित्येक ठेकेदाराकडे आहेत. बारा तास उभे राहतात आणि घरी येऊन सांगतात, 'ओव्हरटाइम आहे, बाबा.' त्याचे पैसे किती मिळाले विचारले, तर खाली पाहतात.

अशा पोराला विहारात यायला वेळ केव्हा मिळणार? यावर धम्मपदाच्या अट्ठकथेतली एक कथा सांगतो. लोकवग्गातल्या १७४ व्या गाथेमागची ही कथा आहे. आळवी नगरात एका विणकराची मुलगी होती. तीन वर्षांपूर्वी तिने भगवंतांचे मरणस्मृतीवरचे प्रवचन ऐकले होते आणि मनोभावे ते आचरले होते. भगवंत पुन्हा आले तेव्हा बापाने सांगितले, कांड्या भरून आण, कापड अर्धवट आहे. मुलगी आधी काम करत बसली. सभा जमली, भोजनदान झाले, पण तथागत बोलेनात. ते त्या विणकराच्या पोरीची वाट पाहत होते. ती टोपली घेऊन आली, सभेच्या कडेला थांबली, तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावले आणि धम्म सांगितला.

कथेचा शेवट दुःखाचा आहे. ती बापाकडे गेली तेव्हा तो मागावरच झोपला होता. दचकून जागा झाला, माग ओढला, त्याचे टोक मुलीच्या छातीत लागून ती गेली. तिसरी पाळी केलेल्या माणसाला या झोपेचा अर्थ सांगावा लागत नाही. पुढे तो बाप शोक करत भगवंतांकडेच गेला, आणि भिक्खू झाला.

बंधू-भगिनींनो, काम संपेपर्यंत एका मजुराच्या पोरीसाठी तथागत थांबले. मग आपला विहार थांबू शकत नाही काय? वंदना सकाळी दहाला आणि पोरगा पाळीवर, असे चालायचे नाही. माझी दोन मागण्यांची छोटी यादी आहे. आठवड्यातून एक दिवस रात्री नऊनंतर विहार उघडा ठेवा. तिथे वंदना होईल, आणि तिथेच पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधी, जादा तासांचा मोबदला हे समजावणारा जाणकार माणूसही बसेल. दुसरे, वस्तीत मिलचे जे म्हातारे उरले आहेत, त्यांचे अनुभव तरुणांनी लिहून घ्यावेत. आमचे कान गेले आहेत, जरा मोठ्याने विचारा, पण विचारा.

सम्यक आजीविका म्हणजे वाईट धंदा न करणे, एवढेच आपण शिकवतो. चांगल्या धंद्याचे दार कोणाला बंद आहे, हे पाहणेही त्यातच येते, असे मला वाटते.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.