न केलेल्या खरेदीची वर्दी

धानोऱ्यास एके रात्रीं माझ्या मोबाइलवर निरोप आला: 'आपल्या खात्यावर ९,८०० रुपयांची खरेदी झाली. आपण केली नसल्यास ही लिंक दाबा.' बोट पुढें झालेंच होतें; पण 'आधीं प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा' हें मुलांस जन्मभर सांगितलेलें आठवलें. लिंक सोडून कार्डामागील क्रमांकावर बँकेस विचारलें. खातें शाबूत होतें. निरोप हाच सापळा!

मात्र पैसा खरोखरच गेला असेल, तर तत्क्षणीं बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें. दोष त्रयस्थाचा असून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास ग्राहकास तोशीस नाहीं, असें रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं ठरविलें. परंतु ओटीपी आपणच सांगितला, तर कळवीपर्यंतचें नुकसान आपलेंच. घाई करावी ती कळविण्याची. लिंक दाबण्याची नव्हे.