मोटारीचा गुंजारव आणि त्याचे निदान

सोलापुराहून तुळजापूरचा घाट चढून धाराशिवकडे येताना, किंवा येडशीच्या पुढे महामार्गावर वेग धरल्यावर, मोटारीतून जो बारीक, लांबट घूं-घूं ध्वनी उमटू लागतो, तो निष्कारण नसून यंत्राने वेळीच दिलेली वर्दी होय, हे ध्यानी घ्यावे.

गाडी उभी करून, गिअर न टाकता, इंजिनाची गती वाढवून पाहावी. तेव्हाही ध्वनी चढला, तर दोष बहुधा पट्ट्यात अथवा अल्टरनेटरच्या बेअरिंगमध्ये असतो. स्टीअरिंग वळवतानाच तो उमटला, आणि ती यंत्रणा तेलावर चालणारी असली, तर तेलाची पातळी तपासावी. इंजिनाच्या गतीशी संबंध न ठेवता केवळ गाडीच्या वेगाबरोबर तो वाढत असेल, तर चाकाच्या बेअरिंगचा संशय धरावा. डाव्या वळणावर वाढणारा आवाज सामान्यतः उजव्या चाकाचा असतो. एखाद्याच गिअरमध्ये तो येत असल्यास गिअरपेटीतील तेल व दाते यांची तपासणी कारागिराकडून करवावी.

पट्टा वा तेल यांचा खर्च अल्प असतो. परंतु झिजलेल्या बेअरिंगची हयगय केल्यास चाक जाम होण्याचा, प्रसंगी निखळण्याचाही धोका संभवतो. म्हणून लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीच दुरुस्तीची तजवीज करावी, ही आग्रहाची विनंती.